बेसच्या लेकी

आमच्या हॅलक फेरी गावात बायकांची पायरी गाडीच्या नंबरावरून ठरते. गाडी म्हणजे मोटार नव्हे. अठराशे बावन्न साली बैल जुंपलेल्या अकरा गाड्या डोंगर ओलांडून ऑरेगॉनच्या या खोऱ्यात उतरल्या, त्या गाड्या. पहिल्या गाडीतल्या बाईची वंशज असेल ती पहिल्या रांगेत बसणार, तिच्या छातीवर सोन्याचं चाक, आणि वार्षिक जेवणात केकचा कोपऱ्यावरचा, जास्त साखर असलेला तुकडा तिचा. बाकीच्यांना चांदीचं चाक. अकराव्या गाडीवाल्या शेवटच्या रांगेत, स्वयंपाकघराच्या दाराशी. मंडळाचं नाव ‘पहिल्या गाड्यांच्या लेकी’. लेकींचं सरासरी वय चौऱ्याहत्तर.

त्रेपन्नच्या डिसेंबरपर्यंत आलेल्या बाईचीच वंशज या मंडळात येऊ शकते. चौपन्नच्या जानेवारीत आलेली बाई उपरी. त्याआधी हजारो वर्षं या खोऱ्यात जे लोक राहत होते, त्यांना मंडळाच्या इतिहास-पुस्तिकेत ‘हवामान व इतर अडचणी’ या प्रकरणात जागा मिळाली आहे. दीड परिच्छेद.

आणि मी, इंदुमती पेंडसे, एकोणीसशे एकाहत्तर साली विमानाने आले. नवरा इथल्या कागद गिरणीत इंजिनियर होता, तो गेला, गिरणीही गेली. मी लायब्ररीच्या जुन्या कागदांच्या खोलीत राहिले ती राहिलेच. मंडळाची आधीची वंशावळ-तपासनीस वारली, तेव्हा जुनं झिजलेलं अक्षर वाचता येणारी गावात मी एकटीच उरले होते. अध्यक्षबाई विनिफ्रेड प्रुइट-हॅस्केल यांनी सभेत माझं नाव सुचवलं. म्हणाल्या, “इंदू अगदी निःपक्षपाती आहे. तिला पूर्वजच नाहीत.”

मला पूर्वज नाहीत हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. घरी येऊन भिंतीवरच्या सासऱ्यांच्या फोटोला सांगितलं. तरी मी काम घेतलं. लायब्ररीचं गळकं छप्पर विनिफ्रेडबाईंनी बदलून दिलं होतं, आणि दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे मी माहेरून शिकून आले होते.

विनिफ्रेडबाई पहिल्या रांगेच्याही मधोमध बसायच्या, कारण त्या बेसच्या खापरपणती. बेस म्हणजे पहिल्या गाडीवाल्या जोसाया प्रुइटची बायको, खोऱ्यात पाऊल टाकणारी पहिली स्त्री. पुरावा एकच. टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत एक हातभर उंचीची शिळा, तिच्यावर खोदलेलं: ‘बेस. १८५३. हिने आम्हांला इथवर आणलं.’ लग्नाचा दाखला नाही, आडनाव नाही, काही नाही. पण मंडळ स्थापन झालं तेव्हा विनिफ्रेडबाईंच्या आजीनं ‘आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे’ असं लिहून दिलं आणि ते मंजूर झालं. एकदा वंश मंजूर झाला की त्याच्या मागे पुन्हा कोणी जायचं नाही, अशी रीत. आईच्या नंबरावर लेक, लेकीच्या नंबरावर नात. एकतीस लेकींपैकी तेरा बेसच्या होत्या. दर मे महिन्यात त्या जुन्या पद्धतीची झालरीची टोपी घालून त्या शिळेवर लिलीची फुलं वाहायच्या आणि रुमालाने डोळे टिपायच्या.

आता ओपलची गोष्ट. ओपल स्ट्राउड एकोणऐंशी वर्षांची. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती, गावातल्या निम्म्या लोकांनी तिच्या हातचं खाल्लंय. मंडळाच्या वार्षिक जेवणाचे ‘पाय’, म्हणजे काळ्या बेरींचं गोड सारण भरून भट्टीत भाजलेले जाड रोट, तेही तीच करायची. वाढायचीसुद्धा. फक्त बसायची नाही, कारण ती लेक नव्हती. तिच्या घरात सगळे सांगत की खापरपणजी केझाया टॉलिव्हर अकराव्या गाडीतून आली, ताफ्याचे कपडे धुवायची. पण ‘घरात सगळ्यांना माहीत आहे’ हा पुरावा फक्त पहिल्या रांगेत चालतो. ओपलचा अर्ज दोनदा परत आला होता.

तिला सोन्याचं चाक नको होतं, चांदीचंही नको होतं. तिची मुलगी जेनी चौसष्ट साली सहा वर्षांची होऊन गेली. टेकडीवर पुरली, तेव्हा तिथं कुणालाही पुरत. मग अठ्ठ्याहत्तरमध्ये दफनभूमी मंडळाच्या ताब्यात आली आणि नियम झाला की यापुढे तिथं फक्त लेकी. जेनीच्या शेजारी एक जागा मोकळी होती. डॉक्टरांनी ओपलला सांगितलं होतं की हृदय थकलंय, वर्षभराचं बघा. तिला ती जागा हवी होती. आणि विनिफ्रेडबाईंनाही हवी होती, कारण बरोबर तिथं त्यांना ‘माता बेस’चा ब्रॉंझचा पुतळा उभा करायचा होता. तिथून म्हणे खोरं छान दिसतं.

मार्चमध्ये ओपल माझ्या खोलीत आली. काखेत बुटाचं खोकं.

“इंदू, हे बघ गं. आयडाहोची चुलतबहीण गेली. तिच्या पोरानं तिचं पाककृतींचं खोकं पाठवलं. त्यातल्या एका वहीत लोणच्याचे प्रकार शोधत होते, तर मागच्या पानांवर हे.”

लोणच्याच्या कृती वहीच्या शेवटाकडून लिहिलेल्या होत्या. सुरुवातीकडून पेन्सिलीत केझाया टॉलिव्हरची प्रवासातली रोजनिशी होती. तारखा, मैल, नद्या, कोण मेलं, कोण जन्मलं. कागद त्याच काळचा, अक्षर खरं. मला आनंदानं बसवेना.

“ओपल, तू आत आलीस समज.”

“वरच्या टेकडीवर आले की मग समजेन,” ती म्हणाली.

मी नऊ दिवस भिंग घेऊन वही वाचली. चौथ्या दिवशी एका ओळीवर थांबले, पुन्हा वाचली, आणि इतकी हसले की बाहेरून लायब्ररीवाली बघायला आली. मग हसू थांबलं. कारण मला दिसलं की ही वही खरी धरली तर ओपल आत येते, पण पहिली रांग बाहेर जाते. आणि पहिल्या रांगेला हे आधी कळलं तर वही खोटी ठरायला दहा मिनिटंही लागणार नाहीत.

एप्रिलच्या सभेत विनिफ्रेडबाईंनी वही दोन बोटांनी उचलली. “लोणच्याच्या वहीवर आपण वंश ठरवणार का? हे कुणीही खरडलं असेल.”

चिटणीस लुएला क्रेन इतिवृत्त लिहीत होती. “खरडलं असेल, असंच लिहू?”

मी म्हटलं, “अध्यक्षबाई, निर्णय तुमचा. फक्त नोंद म्हणून सांगते. या वहीत बेसचा उल्लेख आठ ठिकाणी आहे.”

विनिफ्रेडबाईंचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर त्यांची दया आली. ऐंशी वर्षं त्या घराण्याकडे एक हातभर शिळा होती, आणि आता कुणीतरी बेसला डोळ्यांनी पाहिलेलं लिहून ठेवलं होतं. वही त्यांनी लगेच दोन्ही हातांनी धरली.

“आठ? काय लिहिलंय?”

“चांगलंच लिहिलंय. फार कष्टाळू होती म्हणे.”

हे खोटं नव्हतं. पण मी गप्प राहिले ते लबाडीनेच, हे कबूल करते, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

दहा मिनिटांत ठराव झाला: केझाया टॉलिव्हरची रोजनिशी अस्सल असून तिचा शब्दन् शब्द मंडळाने पुरावा म्हणून स्वीकारला आहे. एकमताने. मंडळाचा नववा नियमच आहे की कागद स्वीकारला तर पूर्ण स्वीकारायचा, सोयीच्या ओळी निवडायच्या नाहीत. हा नियम विनिफ्रेडबाईंच्या आईनंच कुणाला तरी बाहेर ठेवायला केला होता. ओपलच्या अर्जावर शिक्का मेच्या जेवणात मारायचं ठरलं. वहीतले बेसचे उतारे त्याच जेवणात विनिफ्रेडबाई स्वतः वाचणार होत्या. “आधी नको सांगू, इंदू. मला ते सगळ्यांबरोबर पहिल्यांदा अनुभवायचंय.” मी आठही जागी कागदाच्या पट्ट्या घातल्या आणि उताऱ्यांची सुवाच्य नक्कल करून दिली. तारखेप्रमाणे.

मेच्या जेवणाला नेहमीचा थाट. भाजलेलं हॅम, चीजमधले बटाटे, आणि किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली, जी चाळीस वर्षांत मी कुणाला संपवताना पाहिली नाही. तेरा टोप्या पहिल्या रांगेत. ओपल एप्रन बांधून स्वयंपाकघराच्या दारात, हातात पाय कापायची सुरी. विनिफ्रेडबाई उभ्या राहिल्या, चष्मा लावला.

“‘जून नऊ. आज सतरा मैल. बेस दिवसभर चालली. कुरकुर नाही.’”

पहिल्या रांगेतून एक सुस्कारा निघाला. “दिवसभर,” कुणीतरी म्हणालं, “आणि माझी सून मोटारीत बसायलाही कुरकुरते.”

“‘जून तेवीस. नदीला उतार सापडेना. पुरुष काठावर वाद घालत बसले. शेवटी बेस आपणच पाण्यात उतरली, तिच्यामागून सगळे गेले.’”

टाळ्या पडल्या. विनिफ्रेडबाईंनी मान किंचित झुकवून त्या बेसच्या वतीने घेतल्या.

“‘जुलै दोन. माझं दूध आटलं. ड्रुसिला रडून निळी पडते. बेसच्या दुधावर पोर तगली आहे. देव तिचं भलं करो.’”

आता रुमाल निघाले. विनिफ्रेडबाईंनी वाचन थांबवलं आणि दाराकडे बघून गोड आवाजात म्हटलं, “ओपल, ऐकलंस ना? ड्रुसिला तुझी पणजी. आमच्या बेसनं तिला पाजलं. तुमचं घराणं आमच्या उपकारावर उभं आहे, बाई.”

“ऐकलं,” ओपल म्हणाली. “पाय आता कापू की नंतर?”

“नंतर. ‘जुलै अकरा. प्रुइट संध्याकाळी तिच्यापाशीच बोलत बसतो. बाकीचे हसतात. एकट्या माणसाला दुसरं आहे कोण.’”

“किती प्रेम,” लुएला लिहिता लिहिता म्हणाली.

“‘जुलै वीस. चढणीवर बेस घसरली. तिचं उजवं शिंग मोडलं. प्रुइट पोरासारखा रडला.’”

विनिफ्रेडबाईंचा आवाज चांगला खणखणीत. तोंड पुढे गेलं होतं, डोकं मागून येत होतं. सभागृहात काट्याचमच्यांचा आवाज बंद झाला.

लुएलानं मान वर केली. “काय मोडलं? लिहून घेतेय मी.”

शेवटी तिसऱ्या रांगेतून उत्तर आलं, “शिंग.”

“त्या काळी,” विनिफ्रेडबाई म्हणाल्या, “शिंगाचे कंगवे वापरत.”

“पुढे वाचा ना,” तीच तिसरी रांग म्हणाली. तिच्या आवाजात मला वीस वर्षं साठलेला काहीतरी गोडवा ऐकू आला.

विनिफ्रेडबाईंनी पान पाहिलं आणि वाचलं नाही. मग लुएलानं उठून कागद घेतला आणि तिच्या सपाट, इतिवृत्ताच्या आवाजात वाचला. “‘जुलै एकवीस. जखमेला डांबर लावलं. बेसनं शेपटीचा फटका माझ्या तोंडावर मारला, पण दूध दिलं. असं जनावर मी पाहिलं नाही.’” तिनं चष्मा काढला. “विनिफ्रेड, ही तर गाय आहे.”

माझ्या आईच्या गावी बायका गाईला माता म्हणतात, हळदकुंकू लावतात, शेपटी डोळ्यांना लावतात. पण तिच्या पोटचे म्हणून शपथपत्र कुणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं.

विनिफ्रेडबाई माझ्याकडे वळल्या. “तुला माहीत होतं.”

“तुम्ही आधी सांगू नको म्हणालात.”

“मग माझी खापरपणजी कोण?”

ते मी शोधून ठेवलं होतं. जोसाया प्रुइट सडाच आला. त्याचं लग्न अठराशे एकसष्टमध्ये झालं. बायको जहाजानं आली, मग घोडागाडीनं, बरोबर पियानो आणि दोन नोकर. मी हे शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, पण तेवढ्या शांततेत ते जेलीलाही ऐकू गेलं असेल. एकसष्ट म्हणजे आठ वर्षं उशीर.

“म्हणजे,” तिसऱ्या रांगेनं विचारलं, “आम्ही पुढे सरकायचं का?”

तेव्हा मात्र पहिल्या रांगेत एकच गलका झाला. वही खोटी आहे. ठराव रद्द करा. टॉलिव्हरांची ती कपडे धुणारी मत्सरी होती, दिसतंच आहे. विनिफ्रेडबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. गालांवर लाल चट्टे आले होते, पण बाई खंबीर. “मी सुचवते की ही वही फेटाळावी, आणि तिच्या आधारावरचा अर्जही.”

मी ओपलकडे बघितलं नाही. म्हटलं, “नियमाप्रमाणे फेटाळण्याचं कारण इतिवृत्तात लिहावं लागतं. काय लिहायचं, सांगा. लुएला लिहून घेईल.”

लुएलानं पेन कागदाला टेकवून ठेवलं. कुणालाही कारण सांगता येईना, कारण सांगायचं तर त्यात गाय आलीच.

ओपल दारातून पुढे आली. सुरी एप्रनला पुसत म्हणाली, “विनिफ्रेड, मला कुणाला बाहेर काढायचं नाही. तू आणि तुझी ही रांग, बसा की खुशाल, मला काय करायचंय. मला माझ्या पोरीच्या शेजारी सहा फूट जागा दे. पुतळा दहा पावलं पलीकडे सरकव. खोरं तिथूनही दिसतं.”

“आणि हे सगळं?” विनिफ्रेडबाईंनी कागदाकडे बोट केलं.

“माझ्या जिवात जीव आहे तोवर माझ्या तोंडून बेसबद्दल अवाक्षर निघणार नाही.”

“आणि इंदू?”

“मी तपासनीस आहे,” मी म्हटलं. “कुणी लेखी विचारल्याशिवाय बोलत नाही.”

मग जे झालं ते बघून मला मंडळाची थोडी शिसारी आली. पाच मिनिटांत दोन ठराव झाले. जुने मंजूर वंश मंजूरच राहतील, उतारे वाचल्याची नोंद होणार नाही. आणि ओपल स्ट्राउड ही लेक झाली. तिसरी रांगही हात वर करून मोकळी झाली. उद्या त्यांच्याही वहीतून काय निघेल कुणाला ठाऊक. विनिफ्रेडबाईंनी ओपलच्या एप्रनला चांदीचं चाक टोचलं आणि सवयीनं शेवटच्या रांगेतली खुर्ची दाखवली.

“बरंय,” ओपल म्हणाली. “ओव्हन जवळ आहे.” आणि बसण्याऐवजी पाय कापायला आत गेली.

दोन आठवड्यांनी ती पुन्हा माझ्या खोलीत आली, अर्धा पाय आणि सात नंबरचा फॉर्म घेऊन. लेकीच्या थडग्याच्या शिळेवर काय कोरायचं ते या फॉर्मवर लिहायचं असतं. नाव आणि कुळ. तपासनिसानं पुराव्याशी ताडून सही केली की मंडळ ते जसंच्या तसं कोरतं. एक अक्षर बदलता येत नाही. पूर्वी कुणाच्या तरी सुनांनी शिळेवर सासूला दोन गाड्या मागे ढकललं होतं, तेव्हापासूनचा नियम.

शाळेच्या फळ्यावर रोजचं जेवण लिहायची त्या ठळक अक्षरात तिनं चार ओळी लिहिल्या होत्या. मी वाचल्या. चष्मा पुसला, पुन्हा वाचल्या.

“ओपल, तू शब्द दिला होतास.”

“जिवात जीव आहे तोवर, म्हटलं होतं. तोवर कुठे कोण वाचतंय?” मग ती खुर्चीत नीट बसली. “आणि मस्करी म्हणून नाही लिहिलं गं. ती नसती तर ड्रुसिला जगली नसती. मी नसते, माझी जेनी नसती. सगळ्यांनी इतकी वर्षं तिच्यावर फुलं वाहिली, पण तिचं नाव नीट कुणी घेतलंच नाही. आपण खाल्लेलं विसरू नये.”

तीस वर्षं दुसऱ्यांना वाढणाऱ्या बाईनं हे म्हणावं, याचं मला रडू आलं. मी चारही ओळी वहीशी ताडून पाहिल्या. शब्दन् शब्द खरा होता, आणि मंडळानं तसा ठरावच केला होता. मी सही केली.

ओपल फेब्रुवारीत गेली. झोपेतच, त्रास झाला नाही. मंडळानं रीतसर सगळं केलं. गाड्यांच्या क्रमानं लेकी उभ्या राहिल्या, तेरा टोप्या पुढे. विनिफ्रेडबाई ‘आमच्यातली सर्वांत साधी लेक’ असं काहीसं बोलल्या. दहा पावलांवर माता बेसचा पुतळा उभा होता, ब्रॉंझची टोपी, हात जुवावर, चेहरा बराचसा विनिफ्रेडबाईंचा.

शिळा जूनमध्ये बसली. दुसऱ्या दिवशी विनिफ्रेडबाई माझ्या खोलीत आल्या. टोपीशिवाय मी त्यांना फार क्वचित पाहिलं होतं. केस विरळ झालेले, माझ्यासारखेच.

“तू सही केलीस.”

“पुरावा होता.”

“बदलून घे.”

“बदलता येत नाही, अध्यक्षबाई. नियम.”

त्या खाली बसल्या. बराच वेळ आपल्या छातीवरचं सोन्याचं चाक बोटानं फिरवत राहिल्या. टेकडीवर, जेनीच्या छोट्या शिळेला लागून, स्वच्छ कापलेल्या अक्षरांत आता लिहिलं होतं:

ओपल स्ट्राउड, जेनीची आई.
केझाया टॉलिव्हरची खापरपणती.
हिची पणजी प्रुइटच्या बेस गाईच्या दुधावर जगली.
उपकार आहेत.

“लोक तिथं फिरायला येतात, इंदू,” त्या म्हणाल्या. “पुतळा बघतात, मग ती शिळा वाचतात. आज ना उद्या कुणीतरी तुझ्याकडे येऊन विचारेल.”

“तोंडी विचारलं तर नाही सांगणार,” मी म्हटलं, आणि टेबलावरच्या लेखी चौकशीच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा सरळ करून ठेवला.